जांभळाची सावली

पापडी, मंगळवार संध्याकाळ

डोकं भणाणलंय. उद्या शाळेच्या सोलर पॅनेलचं उद्घाटन माझ्या हातून, म्हणून आज जागा बघायला गेलो. तर वर्गाच्या पश्चिमेचं जांभूळ बुडापासून कापलेलं. त्याच झाडाखाली मी दर शनिवारी पोरांना वीज वाचवायला शिकवतो.

मुख्याध्यापिका बाई हसत म्हणाल्या, "काका, फोनवर तुम्हीच म्हणालात ना, पॅनेलवर सावली नको?"

म्हणालो होतो. पण मग पलीकडच्या छपरावर लावा, हे सांगायचं राहिलं. घरी बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. पण बाईंना एकदा विचारता आलं नाही?

"आता वर्ग तापेल, त्याचं काय?"

"चार पंखे लावू की. वीज आता आपलीच."

अहो, सावली फुकट होती.

सातवी पास माणूस मी, वीजदराच्या सुनावण्यांत हयातभर साहेबांशी भांडलो, की लोकांना अर्धवट सांगून बुडवू नका. आणि मी काय केलं?

उद्या फीत कापणार नाही. कापाकापी पुरे झाली. त्या बुंध्यापाशी उभं राहून पोरांना सांगेन, हे झाड तुमच्या या आजोबांच्या अर्ध्या वाक्याने पडलं. बाईंनाही शेजारीच उभं करीन.