विहिरीवरची वानरं

उमरखेडजवळ, वैशाख, १९५८

आज पाटलांच्या विहिरीत वानराचं पिल्लू पडलं. कळप काठावर ओरडत राहिला. शेवटी एक म्हातारी वानरीण, पिल्लू तिचं नसतानाही, विहिरीच्या भिंतीतल्या झाडाच्या मुळ्या धरत उतरली आणि त्याला वर घेऊन आली. पाटील गहिवरले, "पाहा मास्तर, मुक्या जिवाले किती माया!"

तासाभरानं गावकुसाबाहेरची सखू घागर घेऊन आली. घरी लेकरू तापानं फणफणलेलं. हेच पाटील ओरडले, "दूर हो! विहीर बाटवतं काय?"

ती रिकामीच परतली. आणि मी? शाळेत दया शिकवणारा मी गप्प! कशाला भ्यालो? पिल्लू तिचं नव्हतं, तरी ती वानरीण उतरली ना!

संध्याकाळी माझ्या माठातलं पाणी घेऊन सखूकडे गेलो. पाणी घेत ती म्हणाली, "मास्तर, तवा काहून नाही बोलले?"