समोरचे दोन दात

प्रिय ठमे,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरी फोन उचलतात तुझे बाबा आणि ठेवतातही तेच. म्हणून शिवण बाजूला सारून लिहायला बसलेय.

तुझ्या पिल्लूला दात आले हे बाबांनी अख्ख्या जिन्याला सांगून झालं. स्वतःचे समोरचे दोन जाऊन तीन वर्षं झाली, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. तुला ते सांगतात ना, लवकरच बसवून घेणार म्हणून? साफ खोटं आहे ते.

बँकेत लागलीस त्या आठवड्यात तू कॅलेंडरच्या पानामागे आम्हाला गणित मांडून दिलं होतंस. आज खर्चलेला पैसा तेवढाच जात नाही, गुंतवला असता तर दहा वर्षांनी त्याचं जे झालं असतं तेही जातं. मला अर्धं कळलं. बाबांना पुरतं कळलं आणि तिथेच घोळ झाला! तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. नवी चप्पल घेऊया म्हटलं की दार उघडून बघतात. मी म्हणते, दहा वर्षांनी तुमचं चपलांचं दुकान होईल, पाय मात्र अनवाणीच राहतील.

दातांचे डॉक्टर म्हणाले होते, कवळी क्लॅरिनेट वाजवताना हलेल, पक्केच दात बसवा. खर्च सत्तर हजार. बाबा घरी आले, कपाट उघडलं आणि ते सत्तर हजार तुझ्या नावाने एफडीत टाकून मोकळे झाले. तुला सांगितलं, शिल्लक पडले होते. चणे आहेत तर दात नाहीत, असं लोक नुसतं म्हणतात. मी ते रोज समोर जेवताना बघते.

बत्तीस वर्षं बँडमध्ये वाजवलं त्यांनी. निवृत्तीनंतरही रोज चार वाजता तासभर वाजवायचे आणि मी त्याच लयीत शिवणाच्या मशीनवर पाय मारायची. आता चार वाजता एकटं मशीनच वाजतं. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं ग.

परवा त्यांनी वाद्याची पेटी उघडली. क्लॅरिनेट तोंडात ठरेना, नुसती फुसफुस. मी मान वर केली नाही. त्यांनी ते नीट पुसलं, पेटीत ठेवलं आणि म्हणाले, पडून राहण्यापेक्षा विकून टाकू, ते पैसेही ठमीच्या नावावर ठेवू. रविवारी गिऱ्हाईक येतंय.

तुझं गणित चुकलेलं नाही आणि माझा तुझ्यावर रागही नाही. पण त्यात माणसाचं वय मांडायचं राहिलं. एफडी दहा वर्षांत दुप्पट होईल, पण बाबा आत्ताच एकाहत्तरचे आहेत. छातीत दम आहे, बोटं चालतात, ती आज.

हाताशी दुसरा पैसा नाही, आणि हा तुझ्या नावावर आहे. म्हणून एफडी मोडायचा फॉर्म सोबत पाठवतेय, पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर. मुदतीआधी मोडली तर व्याज कापतात, कापू दे. आणि रविवारच्या आत बाबांना फोन कर. दातांचं नाव काढू नकोस, ऐकायचे नाहीत. एवढंच विचार, पिल्लूला आजोबांचं वाजवणं कधी ऐकवणार? मी शेजारीच असेन, मशीन बंद ठेवून.

तुझ्या गणितात काठावर पास झालेली, तुझीच
आई