हाडातलं विरजण

पोखर्णी,
ता. ८ जानेवारी १९९१

तीर्थस्वरूप दिनकरमामांच्या पायी भाचा बन्सीधर याचा दंडवत.

मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे सर्व कुशल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे भावकीतलं एकही माणूस माझ्याशी धड बोलत नाही, आणि त्याला कारण मीच.

आपल्या धाकट्या कमलचं तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्या हाडांनी रक्त तयार करणं सोडून दिलं आणि दोन महिने झाले, पोर मुंबईच्या दवाखान्यात परक्यांच्या रक्तावर तगून आहे. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं, की हाडाच्या पोकळीत मगज असतो, त्यात मूळ पेशी असतात, आणि सगळं रक्त त्यांच्यापासूनच तयार होतं. जुळणाऱ्या भावंडाचा मगज कमरेच्या हाडातून सुईनं ओढायचा आणि सलाईनसारखा कमलच्या शिरेत सोडायचा. त्या पेशी आपलं हाड आपण शोधून तिथं नांदू लागतात. (आपल्या पोस्टमनला अजून माझं घर सापडत नाही.) न जुळलेला मगज मात्र अंगावर उलटतो. इथवर मला सगळं कळलं होतं. घोटाळा मी गावी येऊन केला. मास्तरकीची खोड, सोपं करून सांगायला गेलो आणि म्हणालो, विरजणच समजा, चमचाभर घातलं की पातेलंभर दही लागतं.

झालं! विरजण काय, कुणाच्याही घरचं चालतं. चुलत्या, पुतणे, शेजारची सरजाबाई, सगळे बाह्या सरसावून ओट्यावर हजर. तपासायला रक्त फक्त सुलाताईचं आणि माझं गेलंय म्हटल्यावर तिचे यजमान नागनाथराव फुगून बसले. बायकोचं रक्त नेलं आणि थोरल्या जावयाला साधं विचारलंही नाही, हा अपमान. सख्ख्या भावंडांतच जुळायचा संभव जास्त, हे मी त्यांना खडूनं फळ्यावर काढून दाखवलं. चहाला हात न लावता निघून गेले. (सुलाताईचं जुळलं नाही हे कळल्यावर मात्र मुद्दाम परत आले, "आमचं घेतलं असतं तर" म्हणाले आणि पोटभर जेवून गेले.)

तिकडे जिंतूरला कमलच्या सासूबाई, धुरपताबाई. त्यांना कुणीतरी (म्हणजे मीच) सांगितलं, की मगज रुजला की कमलचा रक्तगट बदलून देणाऱ्या भावंडाचा होईल. त्यांनी मला दारातच धरलं. "मंग सून आमची का तुमची? अन् सुतक कुणाचं पाळायचं तिनं?" मी म्हटलं, आधी तिला जगू द्या, सुतकाचं मग बघू. त्यावर त्या रडल्या, मीही रडलो, आणि प्रश्न तसाच राहिला. मामा, माणसं समजावून समजावून माझा जीव मेटाकुटीला आलाय.

बाकी ठीक. थंडी बरी आहे, तुरी बऱ्या आहेत. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
बन्सीधर

ता.क. माझ्या रक्ताचा रिपोर्ट लिहायचा राहिला. राहिला नाही, टाळला. माझं पूर्ण जुळलंय. डॉक्टरांचं पत्र येऊन चार दिवस झाले आणि मी घरात कुणाला सांगितलं नाही. भावकीचा राग आला तो खराच, पण त्या रागाआड मी लपून बसलोय. बेशुद्ध करूनच काढतात, काही आठवड्यांत मगज पुन्हा भरून येतो, हे सगळं मला पाठ आहे. तरी मला त्या सुईची लय भीती वाटते.

आणखी एक. मी तपासणीला गेलो तेव्हा कमलनं एवढंच विचारलं, "दादा, तुला लय दुखंल का? दुखणार आसंल तर राहू दे." मी ऐटीत सांगितलं, काही दुखत नाही.

वीस तारखेला मुंबईत पोचायचं आहे. तुम्ही सोबत चला. मनमाडला गाडी बदलावी लागते आणि परतीची गाडी तिथं उभीच असते. तिथं माझा दंड घट्ट धरा.