माथ्यावरचे हात

४ जानेवारी १९८२, सोमवार. घिवली

आज सकाळी बोईसरला उतरले. दिनानाथकाका फलाटावर उभेच होते. बाबांच्या मयतीला पाहिलं होतं त्यापेक्षा गोलमटोल झालेत. माझी ट्रंक त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर बांधली, मला घिवलीच्या बसमध्ये बसवलं आणि स्वतः असं पायडल मारलं की मी उतरून पदर सावरते तोवर हजर. घामाघूम होऊन म्हणाले, "आजपासून तू माझी लेक."

काका इथल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. नगरकडच्या नऊ ख्रिस्ती कुटुंबांना त्यांनीच नोकऱ्या लावून दिल्या आणि त्यांनीच ही मंडळी उभी केली. पाळक नाही, चर्चची इमारत नाही, गावाबाहेर पत्र्याची एक खोली आहे. बायकांना शास्त्र शिकवायला बायबलबाई हवी म्हणून मला बोलावलं. चार वर्षं या गावातून त्या गावात बदलीवर फिरले. आपली म्हणावी अशी मंडळी पहिल्यांदाच मिळतेय.

गोदूबाईंच्या घरामागची खोली घेतलीय. त्या मासे सुकवून बोईसरच्या बाजारात विकतात. दारासमोर बांबूंवर बोंबील वाळत असतात. दुपारी त्या वासानं डोकं धरलं होतं, संध्याकाळी त्याच वासानं भूक लागली! शेजारी आमच्या मंडळीतलाच रामकिसन आणि त्याची बायको चंद्रकांता राहतात. वहिनींनी गरम भाकरी आणून दिली.

९ जानेवारी, शनिवार

पहिला धडा पापाचाच घेतला. बायकांना सांगितलं, वाईट काम म्हणजे पान, पाप म्हणजे मूळ. पानं खुडत बसून मूळ जात नाही. ते उपटणारा एकच आहे आणि त्याच्यापुढे उभं राहायचं तर 'हे मी केलं' असं स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं. वहिनी डोळे पुसत होत्या.

मग काकांनी इथली रीत सांगितली. शनिवारी पहिली पाळी सुटली की सगळे जमतात. एकेक जण पुढे येतो, बायबलबाईच्या माथ्यावर हात ठेवतो आणि आठवड्याचं पाप हळू आवाजात सांगतो. मी म्हटलं, आमच्याकडे ज्याचं पाप त्याचं डोकं खाली असतं. काकांनी समजूत घातली. कामगार माणसं आहेत, रिकाम्या हवेशी बोलायला लाजतात, तू नुसता टेकू. पूर्वी याजक बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं बोलून दाखवायचा, तसंच समज. त्या बकऱ्याला नंतर रानात हाकलून देत, तेवढं मात्र विसर, असं म्हणून हसले. मीही हसले.

रामकिसननं बायकोला मारल्याचं सांगितलं. फार रडला. उठला तेव्हा त्याचा चेहरा नुकत्याच आंघोळ घातलेल्या पोरासारखा दिसत होता.

१७ जानेवारी, रविवार

इतकी आनंदी मंडळी मी कुठे पाहिली नाही. काल अकरा जण आले. चोरी, जळफळाट, परस्त्रीचा नाद, म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवणं. सांगून झालं की माणूस शीळ घालत बाहेर पडतो.

माझ्या उजव्या मुठीची हाडं ठणकतायत. दमट हवा असेल.

२४ जानेवारी, रविवार

पीठ मळताना अचानक आठवलं. वहिनींचा जबडा माझ्या मुठीखाली सरकला तो क्षण. फुटलेल्या बांगड्यांचा आवाज. आणि, हे लिहायला लाज वाटते, त्यात मला वाटलेलं समाधान.

मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही.

काकांकडे गेले. ते म्हणाले, दुसऱ्याचं दुःख इतकं कळणं ही देणगी असते. मी म्हटलं, मला वहिनींचं दुःख आठवत नाही, रामकिसनचा आनंद आठवतो. त्यावर काका चहा करायला उठले.

३१ जानेवारी, रविवार

वहिनींचा हात गळ्यात बांधलाय. संतापून रामकिसनला अडवलं. तो गोंधळला. "मी? हिला?" म्हणाला, आणि वहिनींना जवळ घेऊन विचारू लागला की पडलीस कुठे.

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याजवळ ते उरलंच नव्हतं. मागच्या खेपेचंही नाही, त्याच्या मागचंही नाही. दर वेळी तो पहिल्यांदाच मारतो. सगळं माझ्याजवळ आहे.

७ फेब्रुवारी, रविवार

काल मी आजाराचं निमित्त केलं. ते खोलीवर आले. अकराच्या अकरा.

आज विहिरीवर हात घासत होते. किती वेळ, कोण जाणे. गोदूबाईंनी माझ्या हातातून काथ्या काढून घेतला. म्हणाल्या, "तुमच्या आदीची बाय, मैनाबाय, ती बी असीच हात धुवत बसायची. कातडी निघाली तरी थांबत नाय."

मला कुणीच सांगितलं नव्हतं की माझ्याआधी कुणी होतं. विचारलं, ती कुठे गेली? गोदूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका बोलतो, नगरला गेली. पण माजी नणंद दातिवऱ्याला हाय. दिवालीच्या आदी ही मानसं मॅटाडोर करून खाडीवर आली, गाणी बोलत. जाताना एक बाय कमी होती."

१३ फेब्रुवारी, शनिवार

सगळ्यांच्या शेवटी आज काका पुढे आले. आजवर कधी आले नव्हते. नुसता हात ठेवला. फार वेळ ठेवला.

१४ फेब्रुवारी

ओहोटी. गुडघाभर चिखल. तिचा हात माझ्या — काकांच्या — हातात. काठावर मंडळी डोळे मिटून गातेय. तिला सांगितलंय, पुढच्या वाळूवर प्रार्थना करू. ती विश्वासानं चालतेय. तिला काका म्हणजे बाप —

ती भरली होती. आणखी मावत नव्हतं. ज्याचं पाप त्याला नाव घेऊन सांगू लागली होती. म्हणून.

हात सोडला. ती रुतली. भरतीचं पाणी आलं. तिनं काका म्हणून हाक मारली, तीनदा. मला वाटलं, मंडळी वाचली. हेच वाटलं. सुटल्यासारखं.

तीन महिने त्यांनी हे एकट्यानं वाहिलं आणि मग मला पत्र लिहिलं. शिकवायला नव्हतं बोलावलं. हे ठेवायला बोलावलं होतं. बाबांच्या मयतीला माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले होते, तेव्हाच जोखलं असेल मला —

१५ फेब्रुवारी

काकांना तोंडावर विचारलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. निर्मळ डोळे.

"कोण मैनाबाई?"

मग म्हणाले, थकलीस तू पोरी. शनिवारी समुद्राकडे जाऊ सगळे.

त्यांच्या लेखी हे पहिल्यांदाच असेल.

१७ फेब्रुवारी

आजच निघाले असते. पण वहिनींना त्या मुठीखाली सोडून कशी जाऊ? ती मूठ मला माहीत आहे. त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या, येते म्हणाल्या. शुक्रवारी सकाळच्या बसनं बोईसर, तिथे आधी पोलीस चौकी.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रंक बांधून बसले होते. वहिनी तेलाची वाटी घेऊन आल्या. बस सुटायला वेळ आहे, केस विंचरून देते म्हणाल्या. मी मान खाली घातली. किती दिवसांनी कुणी मायेनं —

हात टेकताच कळलं.

काल दुपारी काकांकडे गेले. मी नाही. त्या. सगळं सांगितलं. बस, चौकी, सगळं. का? नवरा तुरुंगात गेला तर खाणार काय. मार परवडतो.

डोकं हिसडून उठले. वहिनी दचकल्या. त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी. विचारत होत्या, नलूताई, असं काय बघता? ट्रंक कशाला बांधलीय?

त्या वाटी घेऊन बाहेर पडल्या आणि कुणीतरी बाहेरून कडी लावली. कडी लावणाऱ्यालाही हे आठवणार नाही —

२० फेब्रुवारी

गोदूबाई काल बाजारातून आल्याच नाहीत. की त्यांना आत येऊ दिलं नाही —

अंगणात मंडळी. गातायत. फटीतून दिसतात. एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही.

ज्यांनी केलं त्यांना आठवत नाही. मला आठवतं, पण मी केलं नाही. मग क्षमा मागायची कुणी? कुणीच मागितली नाही तर तिची ती हाक —

काका दाराशी. "नलू, बाळ, ओहोटी लागलीय. चल."

कडी काढतायत

कुणीतरी म्हटलंच पाहिजे. 'त्यांनी' नाही. 'मी' असंच

हे प्रभू, मी मैनाबाईला खाडीत सोडलं. ती मला काका म्हणत होती. मी मागे वळून