दुसऱ्यांदा उचललेली इस्त्री

ता. ४, सोमवार

आठ महिन्यांनी त्याचं तोंड पाहिलं. डाव्या गालावर इस्त्रीचं टोक अजून उमटलेलं आहे. बरं वाटलं. कोर्टात बरं वाटू नये म्हणे. वाटलं.

उजव्या हातात मोजा घालून आला होता. जजसाहेबांना दिसावा म्हणून हात सारखा पुढे करून ठेवत होता – जसा काही पाहुणाच आलाय तो हात. त्याच हाताने माझ्या धाकट्या बहिणीला, स्वतःच्या बायकोला, सहा वर्षं बडवली. तेव्हा कुठे होता मोजा?

आणि आरोपी मी. तो फिर्यादी.

ता. ५, मंगळवार

वकीलबाईंनी सगळं पुन्हा वदवून घेतलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी जीभ घसरायला नको.

धाकटी त्याचं घर सोडून माझ्याकडे आली. चौथ्या दिवशी तो आला, सरळ दुकानात घुसला. तिचा गळा धरला आणि तिला इस्त्रीच्या टेबलावर आडवी दाबली. तिचे डोळे पांढरे झाले. माझ्या हातात तापलेली इस्त्री होती, ती त्याच्या गालावर टेकवली. तो मागे कोसळला. इथपर्यंत ठीक आहे. दुसऱ्याचा जीव वाचवायलाही हात उचलता येतो, कायदा तेवढं देतो – बाई म्हणाल्या.

घोळ पुढे आहे. मी इस्त्री टेबलावर उभी ठेवली. तो उठायला लागला. मी ती परत उचलली आणि त्याने जमिनीवर टेकलेल्या पंजावर दाबली.

"ठेवलीत कशाला हो?" बाई म्हणाल्या. "ठेवली म्हणजे धोका संपला, असं ते म्हणणार. धोका संपला की हक्कही संपतो. पुढचा तो सूड."

अहो, बावीस वर्षं हेच करते मी. इस्त्री आडवी सोडली तर कापड जळतं. टेबलावर गिऱ्हाइकाचा सदरा होता. हाताने आपोआप उभी केली, मला विचारलं नाही.

"अगदी असंच सांगा. आणि घाबरले होते म्हणा. भीती हाच आपला सगळा खटला आहे."

भीती. आणि त्याची! म्हटलं, राग आला होता असं सांगितलं तर?

बाईंनी कपाळाला हात लावला.

ता. ८, शुक्रवार

धाकटीची साक्ष झाली. नीट बोलली पोर. दुसऱ्यांदा तो कुणाच्या अंगावर येत होता, असं त्याच्या वकिलाने विचारलं. "मला दिसलं नाही, मी खोकत होते," म्हणाली. खरं तेच. पण बाईंचा चेहरा पडला.

जिन्यात तो शेजारून गेला. हळूच म्हणतो, "काय मेव्हणीबाई, आत गेल्यावर कुणाचे कपडे इस्त्री करणार?"

म्हटलं, "एक हात अजून शिल्लक आहे ना तुझा?"

बाईंनी माझा दंड धरून मला खाली नेलं. त्यांची नखं लागली.

ता. ९, शनिवार

चादरी बत्तीस. प्रत्येकीवर त्याचं तोंड आहे असं धरून इस्त्री फिरवली. घडी फार छान बसली.

ता. १२, मंगळवार

समोरच्या शिंप्याची साक्ष. हा म्हणे दुकानातून सगळं बघत होता. आत यायला पाय नव्हते मेल्याला.

"ताईंनी इस्त्री शांतपणे ठेवली," म्हणाला. शांतपणे!

परत उचलेपर्यंत किती वेळ गेला, विचारलं. तर म्हणे, "सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा."

जजसाहेब म्हणाले, "तुम्हाला किती लागतो?"

"आता चष्म्यामुळे बराच लागतो, साहेब."

सगळे हसले. मी नाही.

संध्याकाळी दुकानात आला. "ताई, मी तुमच्याच बाजूने बोललो हो." म्हटलं, आता विरुद्ध बाजूने चालता हो.

ता. १३, बुधवार

उद्या माझी पाळी. धाकटीने समोर बसवून घोकून घेतलं.

"म्हण, मी घाबरले होते."

"मी घाबरले होते."

"ताई, भांडल्यासारखं नको ना म्हणू."

दहा वेळा म्हटलं. दहाव्यांदा तिला हसू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली. तिच्यासाठी म्हणेन. एक वाक्य तर आहे.

ता. १४, गुरुवार

ते वाक्य म्हटलंच नाही.

इस्त्रीचं, सदऱ्याचं, हाताच्या सवयीचं सगळं बिनचूक सांगितलं. जजसाहेब मान हलवत लिहून घेत होते. मग त्याच्या वकिलाने विचारलं, "दुसऱ्यांदा इस्त्री उचलली तेव्हा तुम्ही याला घाबरला होता का?"

तो समोरच बसला होता. खुर्चीत पुढे झुकला. मोजा काढून ठेवला आणि वाट बघत राहिला – ताटावर बसल्यासारखा. मी काय म्हणणार हे त्याला माहीत होतं. ते ऐकायलाच आला होता.

म्हटलं, "याला? याला कोण भितं?"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

ता. १५, शुक्रवार

बाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच्या हाताने दार उघडून आत चाललात." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धाकटी जेवली नाही. भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "मी जाऊन सांगते जजसाहेबांना."

"काय सांगणार?"

"तुला माहितेय."

म्हटलं, तोंड उघडलंस तर माझ्या घरात राहू नकोस. असं मी तिला म्हटलं. तिला.

ता. १८, सोमवार

उद्या निकाल. फक्त इथे लिहिते.

तो जमिनीवरून उठायला लागला तेव्हा उभ्याउभ्या लघवी होऊन माझे कपडे ओले झाले होते. पायापर्यंत. पोलीस यायच्या आत धाकटीने बदलायला दिले आणि ओले धुऊन टाकले. कोर्टात एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं.

पण तो ऐकत बसला होता. त्यापेक्षा तुरुंग परवडला.