उन्हात ठेवलेली बाटली

आये, आज भावजयीच्या तान्हीला व्हिटॅमिन डीचे थेंब मी पाजले. तुझी नात, तू न पाहिलेली. ड्रॉपर तोंडाशी नेला की जीभ बाहेर काढते आणि अर्धं औषध गालावर. गाल पुसताना तू आठवलीस, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र पेटीत टाकायचंही नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

माझी लेक झाली तेव्हा मी तुझ्याकडे, पोलादपूरच्या वर वाडीवर होते. आषाढातलं धुकं चुलीपर्यंत यायचं. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी हीच थेंबांची बाटली दिली होती. "ह्ये कशाला गो?" तू विचारलंस. मी औषधाच्या दुकानात कामाला, शहाणपण नुसतं उतू जात होतं. म्हटलं, "उन्हाचं औषध आहे. ऊन अंगावर पडलं की हाडं बळकट होतात. या पावसात ऊन कुठलं?" तू बाटली बराच वेळ उजेडाकडे धरलीस. "माझ्या पोराच्या टायमाला ह्ये नव्हतं गो," एवढंच म्हणालीस. तुझं पोर म्हणजे माझ्या आधीचा भाऊ. त्याला मुडदूस झाला होता. पाय वाकले, दोन वर्षांचा झाला तरी चालला नाही, आणि एका पावसाळ्यात छाती भरून गेला. त्याच्याबद्दल तू त्याआधी कधी बोलली नव्हतीस.

आठवड्याने जरा उघडीप झाली. मी न्हाऊन बाहेर येते तर बाटली अंगणात, बूच काढलेली, आणि तू तिच्याशेजारी उकिडवी बसलेली. सावली आली की बाटली पुढे सरकवत होतीस. "सारखं देतोय, त्यातलं ऊन सरत आसंल. भरून घेते," म्हणालीस. औषध थंड जागी, उन्हापासून लांब ठेवा असं बाटलीवर छापलेलं. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या काकींदेखत ओरडले, "एक पोर तुझ्या हातनं गेलं, आता माझं घालवतेस?"

तू बूच लावून बाटली माझ्या हातात दिलीस. "चुकलं गो बाय." त्यानंतर लेकीला तू मांडीवर घेतलं नाहीस. तेल लावायलासुद्धा काकींना हाक मारायचीस. मी तिला घेऊन सासरी जायला निघाले तेव्हा दारातूनच तिची दृष्ट काढत बोटं मोडलीस. मला वाटलं, दिवाळीला येईन तेव्हा तिला सरळ तुझ्या मांडीवर ठेवीन, म्हणजे बोलायची वेळ येणार नाही. तू नवरात्रातच गेलीस.

लेक आता सातवीत आहे, कबड्डी खेळते. दुकानात मी रोज असल्या बाटल्या देते. वाडीवरच्या बाया विचारतात, घरात फ्रिज नाय, ठेवू कुठं? मी त्यांना सावकाश समजावून सांगते. तुला तेवढं सांगायला माझी जीभ का वळली नाही?

एक राहिलंच. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता. त्या हसल्या. म्हणाल्या, घटकाभर उन्हाने विष होत नाही, फार तर जोर कमी होईल, नवी बाटली घे. तू चुलीपाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. "काय म्हनल्या गो? पोरीला काय व्हनार नाय ना?" मी ताठ्यात उत्तरच दिलं नाही, पाठ फिरवली.

काही होणार नव्हतं, आये.