दहा दिवस आधी गेलेली सावली

रत्नागिरी, २८ एप्रिल १९८४

चि. उल्का हिस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. यंदा मोठी गंमत झाली. दरवर्षीप्रमाणे खळ्यात चार फुटी काठी रोवली आहे. आज बारा चौतीसला सूर्य माथ्यावर आला आणि काठीची सावली नाहीशी झाली. एरवी हे आठ मेच्या सुमारास होते. निवृत्त झालो तरी भूगोलाचा मास्तर आहे, माझी चूक होणे नाही. उन्हाचे तेजही मंदावले आहे. हवेतल्या धुळीने किरणे वरच अडत असावीत. तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस, कारण शोधून कळव. तुझी आई म्हणते, आधी आंबे खायला कधी येतेस ते कळव.

लोभ आहेच, तो पत्रांनी वाढव.
अण्णा

पुणे, २ मे १९८४

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमची अक्षरे बोराएवढी झाली आहेत आणि ओळी कागदाबाहेर चालल्या आहेत. कॉलेजच्या गच्चीवर आम्ही उन्हाची मोजणी करतो; ते गेल्या वर्षीइतकेच उतरते आहे. मी गणित केले. अठ्ठावीस एप्रिलला तुमच्या काठीची सावली अडीच इंच असायलाच हवी. सूर्य घाई करत नाही, हे तुम्हीच मला शिकवलेत. अण्णा, पंधरा कोटी किलोमीटर बिनतक्रार आलेले ऊन शेवटच्या अर्ध्या इंचात, तुमच्या डोळ्यांत अडते आहे. मला फार काळजी वाटते. एकदा दुपारी आईला काठीपाशी उभी करा.

रागवा, पण लोभ कमी करू नका.
उल्का

रत्नागिरी, ५ मे १९८४

चि. उल्कास आशीर्वाद.

तुझ्या आईने आज सावलीवर बोट ठेवून दाखवले. बोटाच्या रुंदीएवढीच होती, पण होती. मला नुसती जमीन दिसली. तुझी पत्रे वर्षभर तुझी आईच वाचून दाखवते. चष्मा सापडत नाही, असे मी सांगत आलो. माझे वडील मोतीबिंदू काढायला गेले, ते दुसऱ्याचा हात धरून परतले आणि पुढे त्यांना काही दिसले नाही. म्हणून गप्प होतो. मी घाबरलो आहे, बाळ. तू सोबत असशील तर डोळे दाखवायला पुण्याला येतो.

आंबे घेऊनच येऊ.
अण्णा

रत्नागिरी, ५ ऑगस्ट १९८४

चि. उल्कास अनेक आशीर्वाद.

सूर्य दक्षिणेला परतताना आज पुन्हा आपल्या माथ्यावर यायचा होता. सकाळपासून आभाळ गच्च. तरी तुझी आई आणि मी छत्री घेऊन काठीपाशी उभे. ऑपरेशननंतरचा नवा चष्मा मी तिथेच पहिल्यांदा डोळ्यांवर चढवला. बारा त्रेचाळीसला ढग दोन मिनिटे फाटले आणि लख्ख ऊन पडले. सावली नव्हती, आणि या वेळी ती खरोखरच नव्हती. बुंध्याशी चाललेली मुंगीसुद्धा मला दिसत होती. खात्रीसाठी तुझ्या आईला छत्री मिटायला सांगितले. तिचीही सावली पायांशी गोळा झालेली. मग मान वर केली.

उल्का, तिचे केस सगळे पांढरे झाले आहेत. हे मला कोणीच कळवले नव्हते.

तिचा तुला आशीर्वाद. ती अजून विचारते आहे, मी असा काय बघतो.
अण्णा